रानटी क्रॅबॲपलवर दर उन्हाळ्यात येणारा तांबेरा: औषध जुलैत नाही, मेमध्ये

जुलै लागला की एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून येतो. क्रॅबॲपलचं, म्हणजे सफरचंदाच्या लहान, आंबट फळांच्या भावाचं पान, त्यावर पिवळे-नारिंगी ठिपके, ठिपक्याला लालसर कड, आणि खाली प्रश्न: "काका, मागच्या वर्षी औषध मारलं होतं, तरी परत आलंय. आता काय मारू?"

आता काहीच मारू नका. पंप धुऊन गॅरेजमध्ये ठेवा. जे व्हायचं ते मे महिन्यातच होऊन गेलंय, दिसतंय फक्त आत्ता. हा तांबेरा, म्हणजे पानांवर येणारा बुरशीचा रोग, दर वर्षी "परत" येतो असं वाटतं, पण तो झाडात लपून बसलेला नसतो. दर वसंतात तो बाहेरून, नव्याने येतो. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला उपाय उपयोगाचा आणि कुठला नुसता खर्चाचा, ते आपोआप कळतं.

लिहितोय ते अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या, म्हणजे इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन, मिझुरी, इंडियाना या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी. इथलं मूळचं रानटी झाड म्हणजे प्रेअरी क्रॅबॲपल, शास्त्रीय नाव मॅलस आयोएन्सिस. पूर्वेकडे गेलात तर त्याची जागा मॅलस कोरोनेरिया घेतं, ज्याला तिकडे स्वीट क्रॅबॲपल म्हणतात. तांबेऱ्याच्या बाबतीत दोघांची कुंडली सारखीच.

आधी झाड कोणतं ते बघा

नर्सरीत "फ्लॉवरिंग क्रॅब" म्हणून मिळणारी बहुतेक झाडं इथली नाहीत. ती आशियाई जातींचे संकर असतात. फुलं एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला, फळं बोराएवढी किंवा त्याहून लहान, लालभडक, आणि बर्फ पडला तरी फांदीला लटकून राहणारी. "प्रेअरीफायर" नावाचं एक झाड फार खपतं. नावात प्रेअरी आहे म्हणून ते देशी समजून घेणारे बरेच भेटतात. तेही संकरच. झाड उत्तम आहे, पण त्याचा इथल्या रानाशी संबंध नावापुरता.

रानटी झाड ओळखायला सोपं आहे. बाकीचे क्रॅबॲपल फुलून झडायला लागतात तेव्हा हे फुलायला घेतं, साधारण मेच्या मध्यावर, आणि तोवर त्याला पानं आलेली असतात. कळी गडद गुलाबी, उमललेलं फूल फिकट, आणि वास असा की खिडकी उघडी असेल तर घरात येतो. फळ लाल होतच नाही. हिरवं, मग हिरवट पिवळं, दोन ते चार सेंटिमीटरचं, हाताला मेणचट लागणारं आणि दगडासारखं टणक. पानाची कड कातरलेली, जोमाने वाढणाऱ्या फांद्यांवर तर पानाला चांगल्या खाचा पडलेल्या. आयोएन्सिसच्या पानाखाली पांढुरकी लव असते, कोरोनेरियाचं पान मोठं झालं की खालून जवळपास गुळगुळीत. आखूड फांद्यांची टोकं काट्यासारखी कडक होतात, तेव्हा छाटणी करताना डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे. बुडातून फुटवे येतात आणि मोकळं सोडलं तर काही वर्षांत एका झाडाची जाळी होते. उंची वीस-तीस फूट.

ही ओळख पटवायचं कारण हौस नाही. तांबेऱ्याची ही बुरशी उत्तर अमेरिकेची, आणि हे झाडही इथलंच. आशियाई जातींपैकी बहुतेकींवर तिचं फारसं चालत नाही. इथल्या जातींवर मात्र ती हमखास येते. त्यामुळे शेजारच्या अंगणातलं लाल फळांचं झाड चकाचक आणि आपलं ठिपक्यांनी भरलेलं, हे दृश्य अगदी नेहमीचं आहे. त्यात तुमची हयगय नाही आणि शेजाऱ्याची करामतही नाही. प्रेअरी क्रॅबचीच दुहेरी पाकळ्यांची एक बागेतली जात "बेक्टेल्स क्रॅब" नावाने मिळते. फूल गुलाबासारखं भरगच्च, पण तांबेऱ्याच्या बाबतीत तीही तितकीच नाजूक.

पान उलटून बघा

"पानावर डाग" एवढ्यावर निदान होत नाही. हाताशी साधं भिंग असेल तर घ्या, नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करा.

तांबेऱ्याचा ठिपका पानाच्या वरच्या बाजूला पिवळा सुरू होतो आणि आठवड्याभरात नारिंगी होतो, बऱ्याचदा लाल कडेसकट. मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढे बारीक दाणे दिसतात, आधी नारिंगी, नंतर काळे. सुरुवातीच्या दिवसांत त्यावर चिकट थेंबही असतो. खरी गंमत खालच्या बाजूला. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच ठिपक्याच्या बरोबर खाली पान जाड होतं आणि त्यातून फिकट, तोंड फाटलेल्या बारीक नळ्यांचा झुबका बाहेर येतो. बोट फिरवलं तर खरखरीत लागतो आणि तपकिरी पूड बोटाला लागते. हे दिसलं की दुसरं काही शोधायची गरज नाही.

ज्यांच्याशी गल्लत होते ते तीन-चार प्रकार असे. पानावर ऑलिव्हच्या रंगाचे, कडा विस्कटलेले, मखमली डाग असतील आणि जूनपासूनच पानं पिवळी पडून गळत असतील तर तो स्कॅब. त्याची बुरशी वेगळी आणि सवयही वेगळी: ती गळलेल्या पानांत हिवाळा काढते. कोवळ्या फांदीचं टोक अचानक काळं पडून आकड्यासारखं वाकलं आणि वाळलेली पानं फांदीलाच चिकटून राहिली तर तो फायर ब्लाइट. तो जिवाणूंचा रोग, आणि तांबेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त काळजीचा. फांदीच फांदी मारत तो खोडापर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी कोरड्या दिवशी, आजारी भागाच्या खाली चांगलं २० ते ३० सेंटिमीटर निरोगी लाकूड घेऊन फांदी कापा, दर कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसा, आणि झाडाला नत्राचं खत घालायचं थांबवा. पानाच्या शिरा शाबूत आणि मधलं सगळं खाऊन जाळी झाली असेल तर ते जपानी भुंगे, बुरशी नाहीच.

तांबेऱ्याचेही वेगवेगळे प्रकार आहेत. ठिपके तसेच पण लहान असतील तर हॉथॉर्न रस्ट असू शकतो. पानं बरी, पण फळंच वेडीवाकडी होऊन त्यांच्यावर नळ्यांचा झुबका आला, तर क्विन्स रस्ट. उपाय जवळजवळ तोच, म्हणून फार खोलात जात नाही.

येतो कुठून?

गावाकडे तांबेरा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना हा भाग पटकन कळेल. सांगली-कोल्हापूरच्या सोयाबीनवर येतो तो तांबेरा, गव्हावर येतो तो तांबेरा, आणि हाही त्याच घराण्यातला. या घराण्यातल्या बऱ्याच बुरशींची एक विचित्र अट असते: आयुष्य पुरं करायला दोन वेगवेगळी झाडं लागतात. आपल्या बुरशीचं, म्हणजे जिम्नोस्पोरँजियम जुनिपेरी-व्हर्जिनियानीचं, एक घर क्रॅबॲपल किंवा सफरचंद आणि दुसरं घर ईस्टर्न रेड सीडर. नावात सीडर असलं तरी ते झाड जुनिपर आहे. हायवेच्या कडेला, पडीक शेतात, जुन्या स्मशानभूमीत हिरवेगार निमुळते उभे असतात, तेच.

जुनिपरच्या फांदीवर बुरशीची तपकिरी गाठ तयार होते, वाटाण्याएवढीपासून लिंबाएवढीपर्यंत, अंगभर खळगे पडलेली. हिवाळाभर ती सुकलेल्या फळासारखी गप्प लटकत असते आणि कोणी तिच्याकडे बघत नाही. एप्रिल अखेरीस किंवा मेमध्ये कोमट पाऊस झाला की त्याच गाठीतून केशरी, लिबलिबीत शिंगं बाहेर येतात. एका गाठीतून डझनावारी. लांबून बघितलं तर कोणीतरी झाडावर केशरी शेवया वाळत घातल्यात असं वाटतं. ऊन पडलं की त्या सुकून आक्रसतात, पुन्हा पाऊस आला की पुन्हा फुगतात. ओल्या असताना त्यांच्यातून बारीक बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, सुटतात आणि वाऱ्यावर निघतात. बहुतेक जवळपासच पडतात, पण काही मैलभर आणि त्याहूनही लांब जातात.

क्रॅबॲपलच्या पानावर पडलेल्या बीजाणूला दोन गोष्टी हव्यात: पान कोवळं हवं आणि काही तास ओलं राहायला हवं. तापमान साधारण १० ते २४ अंश सेल्सियसच्या मध्ये असेल तर चार-सहा तासांची ओल पुरते. म्हणजे मेमधली एक पावसाळी रात्र. पूर्ण मोठं, जून झालेलं पान सहसा रोग घेत नाही. म्हणूनच एकाच फांदीवर चार पानं भरलेली आणि वरची दोन स्वच्छ असा प्रकार दिसतो. कुठलं पान कधी उलगडलं आणि पाऊस कधी झाला, याचा तो हिशेब आहे. बुडातल्या फुटव्यांवर आणि लांब सुटलेल्या फांद्यांवर तांबेरा जास्त दिसतो त्याचं कारणही हेच, त्यांना कोवळी पानं जास्त दिवस येत राहतात.

लागण झाल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी वरचा ठिपका दिसतो, पण तेव्हा तो इतका फिकट असतो की कोणाचं लक्ष जात नाही. जूनमध्ये शाळा सुटतात, लोक सहलीला जातात, परत येऊन जुलैत अंगणात उभे राहतात आणि मला फोटो पाठवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा दुवा. पानाखालच्या नळ्यांतून उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जी तपकिरी पूड सुटते, ती क्रॅबॲपलला लागत नाही. लागूच शकत नाही. ती जाते फक्त जुनिपरकडे. तिथे कोवळ्या फांदीवर रुजते, पुढच्या वर्षी गाठ दिसायला लागते आणि तिच्या पुढच्या वसंतात शिंगं फुटतात. एक फेरा पुरा व्हायला जवळजवळ दोन वर्षं. उलट बाजूनेही तेच, जुनिपरची गाठ दुसऱ्या जुनिपरला काही करत नाही. बुरशीला दर वेळी घर बदलावंच लागतं. तुमच्या झाडावरचे या वर्षीचे ठिपके तुमच्याच झाडावरच्या पुढच्या वर्षीच्या ठिपक्यांचे आईबाप नव्हेत.

मग हे उपाय कामाचे नाहीत

जुलैतली फवारणी. बुरशी पानाच्या आत गेलेली असते आणि तिथून ती दुसऱ्या क्रॅबॲपलच्या पानावर उडी मारू शकत नाही. आधीची पानं बरी होणार नाहीत आणि नवी लागण रोखायला या घडीला काही उरलेलं नाही. पाण्यात पैसे.

गळलेली पानं गोळा करून जाळणं किंवा पिशव्या भरून देणं. स्कॅबसाठी हे जरूर करा, त्याचा खरोखर फायदा आहे. तांबेऱ्यासाठी मात्र नाही, तो या पानांत हिवाळा काढतच नाही. दोन्ही रोग एकाच झाडावर असले की लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो: पानं गोळा केली, स्कॅब कमी झाला, तांबेरा तसाच, आणि निष्कर्ष निघतो की "काही उपयोग होत नाही".

ठिपकेवाली पानं खुडून टाकणं. झाडाला पानं हवीत, डागाळलेली का होईना. अर्धं पान नारिंगी असलं तरी उरलेलं अर्धं काम करतंय. ते आपण खुडायचं आणि वर झाड अशक्त झालं म्हणून खत घालायचं, हा उलटा कारभार झाला. त्यात नत्राचं खत जास्त झालं तर कोवळी फूट वाढते आणि फायर ब्लाइटला आमंत्रण जातं.

थुजाचं कुंपण दोषी धरणं. इथे घरोघरी कुंपणाला असते ती आर्बरव्हायटी, म्हणजेच थुजा, आणि "सीडर" म्हणून लोक तिच्याकडे बोट दाखवतात. या तांबेऱ्याचं ती घर नाही. तिला सोडा.

आणखी एक फसगत हवामानाची. एखाद्या वर्षी मे कोरडा जातो आणि ठिपके जेमतेम येतात. मग आदल्या हिवाळ्यात जे काही केलेलं असतं, बुडाला राख घातली असेल, खोडाला चुना लावला असेल, कडुनिंबाचं तेल मारलं असेल, त्याला श्रेय मिळतं आणि तो उपाय ओळखीपाळखीत फिरायला लागतो. पुढचा मे ओला निघाला की सगळे गप्प. वर्षावर्षातला फरक मुख्यतः मेच्या पावसाचा असतो. कुठलाही उपाय जोखायचा तर ओल्या मेमध्ये जोखा.

मेमध्ये काय करायचं

फवारणी करायचीच असेल तर कॅलेंडर बघू नका, झाड बघा. विद्यापीठांच्या विस्तार केंद्रांची वेळापत्रकं बहुतेक फळबागेच्या सफरचंदासाठी असतात. आपलं रानटी झाड त्यांच्यापेक्षा उशिरा जागं होतं. तारखेवर विसंबून मारलं तर पहिली फवारणी बंद कळ्यांवर वाया जाते आणि पानं उलगडतात तेव्हा पंप कोरडा. एप्रिलच्या शेवटापासून पाऊस पडून गेला की जवळच्या एखाद्या रेड सीडरवर नजर टाकत जा. केशरी शिंगं दिसली आणि आपल्या झाडाच्या कळ्यांना गुलाबी रंग चढला, की पहिली वेळ आली.

औषध संरक्षक असतं, रोगाच्या आधी पानावर असायला हवं. घरगुती वापरासाठी मिळणाऱ्यांत मायक्लोब्युटॅनिल तांबेऱ्यावर चांगलं चालतं आणि नुकत्याच झालेल्या लागणीलाही थोडंफार मागे खेचतं. पावसाने धुऊन जाणारं संरक्षक औषध वापरत असाल तर पाऊस पडण्याआधी मारायचं, पडून गेल्यावर नाही. दोन फवारण्यांतलं अंतर, प्रमाण आणि हंगामात जास्तीत जास्त किती वेळा, हे लेबलवर असतं आणि या देशात लेबल म्हणजे कायदा. साधारण ७ ते १४ दिवसांचं अंतर येतं. गुलाबी कळीपासून पाकळ्या गळून दोन-तीन आठवडे होईपर्यंत झाकलं की झालं. त्यानंतर जुनिपरवरची शिंगं वाळून गळून पडतात आणि धोका संपतो.

फुलं उमललेली असताना मारू नका. प्रेअरी क्रॅबवर मधमाश्या आणि भुंगेमाश्या दिवसभर असतात, आणि हे झाड लावण्याचं अर्धं कारण तर त्याच आहेत. एक फवारणी गुलाबी कळीवर, मग फुलोरा जाऊ द्यायचा, पुढची पाकळ्या गळाल्यावर, असं बसवता येतं. फुलांच्या दिवसांत पाऊस झाला तर थोडी लागण होईल. होऊ दे.

फळं खाणार असाल तर बाटली विकत घेण्याआधीच लेबल वाचा. शोभेच्या झाडांसाठीची काही औषधं खाण्याच्या फळावर चालत नाहीत. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ही आंबट, टणक फळं बघून गप्प बसवत नाही. त्यांत पेक्टिन भरपूर, जेली झटकन जमते. मेथीदाणे, गूळ, तिखट घालून मेथांबाही झकास होतो, कैरीपेक्षा जरा तुरट. बिया मात्र काढून टाका. पहिलं दंव पडून गेल्यावरची फळं थोडी मवाळ लागतात.

आणि उंची. हातपंपाने दहा-बारा फुटांपर्यंत नीट पोहोचतं. पंचवीस फुटी झाडाच्या शेंड्यावर शिडीवरून औषध उडवणं म्हणजे अर्धं स्वतःच्या अंगावर. तिथे परवानाधारक माणूस बोलवा, नाहीतर फवारणीचा विचार सोडा.

औषधाशिवायची कामं हिवाळ्याच्या शेवटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या थंडीत आतल्या गुंतलेल्या फांद्या काढून वारा खेळता करा, पानं लवकर सुकतात. लॉनचे स्प्रिंकलर पानांवर उडत असतील तर त्यांची दिशा बदला, विशेषतः मेमध्ये. स्वतःच्या अंगणात शोभेचा जुनिपर असेल तर शिंगं फुटायच्या आत, म्हणजे मार्च संपेपर्यंत, त्याच्यावरच्या गाठी कात्रीने काढून टाका. अंगणातला स्रोत सगळ्यात जवळचा असतो, म्हणून थोडा फरक पडतो. पूर्ण बंदोबस्त होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

जुनिपर तोडून टाकला तर?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. व्हर्जिनियाने १९१४ मध्ये सीडर रस्टचा कायदा केला: सफरचंदाच्या बागेपासून ठराविक अंतरातले रोग पसरवणारे रेड सीडर सरकारी कीटकशास्त्रज्ञाच्या हुकमाने तोडता येतील, आणि झाडांच्या किमतीची भरपाई मिळणार नाही. मिलर नावाच्या मालकाने त्याविरुद्ध दाद मागितली. १९२८ मध्ये 'मिलर विरुद्ध शोन' या खटल्यात न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टोन यांचं म्हणणं थोडक्यात असं: दोन झाडं एकमेकांशेजारी नांदू शकत नसतील तर कुठलं वाचवायचं हे राज्याला ठरवावंच लागतं, आणि काही न करणं हीसुद्धा एक निवडच. सफरचंदात त्या राज्याचा पैसा होता, सीडर शोभेचा, त्यामुळे सीडर गेला. हा खटला अमेरिकेत कायदा शिकणाऱ्यांना अजूनही वाचावा लागतो. एका बुरशीची एवढी पत!

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यासाठी याच मिडवेस्टमध्ये १९१८ पासून बारबेरीची झुडपं उपटायची मोठी मोहीम चालली होती, कारण तिथे दुसरं घर बारबेरीचं. भारतात मात्र तसं निघालं नाही. आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं की आपल्या मैदानी गव्हाच्या तांबेऱ्यात बारबेरीचा हात नाही, रोग डोंगराळ भागातल्या गव्हावर टिकतो आणि वाऱ्याबरोबर खाली येतो. महाराष्ट्राच्या गव्हावर काळा तांबेरा येतो तो निलगिरी-पळणीच्या बाजूने. म्हणजे घराणं एक असलं तरी दुसरं घर तोडायचा उपाय सगळीकडे चालत नाही.

आपल्या अंगणातही तो चालणार नाही. एक तर कोर्टकचेरी होती ती व्यापारी बागांसाठी, आणि तिथेही मैलांच्या हिशेबात झाडं काढावी लागत होती. तुमचा प्लॉट पाव एकराचा. स्वतःचा रेड सीडर तोडलात तरी हायवेवरचे शेकडो उभेच आहेत. दुसरं, रेड सीडरही इथलाच. त्याची निळसर फळं थंडीत पक्ष्यांना लागतात, सीडर वॅक्सविंग नावाचा पक्षी तर त्याच्याच नावाने ओळखला जातो. एक देशी झाड वाचवायला दुसरं तोडायचं, हे मला तरी पटत नाही. शेजाऱ्याकडे "तुमचं झाड काढा" म्हणून जाणं तर अजिबात नको. झाडही राहील आणि बोलणं मात्र बंद होईल.

कधी नुसतं बघत राहायचं

माझ्या मते दहा वर्षांहून मोठ्या, जोमदार रानटी झाडाला तांबेऱ्यासाठी औषध लागत नाही. ते, ती बुरशी आणि रेड सीडर एकाच रानात वाढलेत. पानं डागाळतील, वाईट वर्षी ऑगस्टमध्ये थोडी आधीच गळतील, फळं कमी धरतील. झाड मरत नाही. ज्यांना अंगणात एकही डाग खपत नाही त्यांनी सरळ तांबेऱ्याला दाद न देणारा आशियाई संकर लावावा, त्यात कमीपणा काही नाही.

नवं लावलेलं, तीन-चार वर्षांच्या आतलं झाड मात्र वेगळं. लागोपाठ दोन वर्षं जुलैतच निम्म्याहून जास्त पानं गळली तर त्याची साठवण कमी होते आणि हिवाळ्यात फांद्या वाळतात. अशा झाडाला पुढची दोन-तीन वर्षं मेमध्ये औषधाचा आधार द्या. ते लहान असतं, हातपंप पुरतो. सोबत उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत जाईल असं पाणी, बुडाभोवती लाकडाच्या भुशाचा थर, खोडाला चिकटू न देता, आणि गवत कापायच्या यंत्राची दोरी खोडाला लागणार नाही याची काळजी. इथल्या अंगणांत लहान झाडं तांबेऱ्यापेक्षा त्या दोरीने सोललेल्या सालीमुळे जास्त जातात.

फुटव्यांचं काय करायचं ते झाडावर अवलंबून आहे. बीपासून वाढवलेलं असेल तर फुटवेही त्याच झाडाचे, जाळी हवी असेल तर राहू द्या. कलमी असेल आणि बुडातल्या फुटव्याचं पान वरच्या पानापेक्षा वेगळं दिसत असेल, खाच नाही, लव नाही, तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधलंय त्याचा फुटवा. तो जमिनीलगत कापत राहा, नाहीतर काही वर्षांत खुंटच झाडावर बसतो.

एवढं करूनही निदानाची खात्री होत नसेल तर इलिनॉयमधल्या लाइलला मॉर्टन आर्बोरेटम या वृक्ष-उद्यानाचं प्लांट क्लिनिक आहे, अर्बानाला इलिनॉय विद्यापीठाचं आहे, आयोवावाल्यांसाठी एम्सला आयोवा स्टेटचं. नुसता फोटो पाठवायचा तर तीन पाठवा: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. नमुना टपालाने पाठवायचा तर निरोगी आणि आजारी भाग दोन्ही असलेली छोटी फांदी घ्या. कोरड्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवा. ओला टॉवेल नको, वाटेत दुसरीच बुरशी वाढते. पाकीट सोमवारी टाका. शुक्रवारी टाकलं तर शनिवार-रविवार टपाल कार्यालयातच जातो आणि तिथल्या माणसाच्या हाती कुजका पाला पडतो.